शनिवारी कंपनीच्या गेटवर

पप्पा, उद्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा रविवार आहे. स्वयंपाकघरात तुमची सून स्लाइस ब्रेडच्या कडा कापतेय, मम्मी कापायची तशाच, आणि मधल्या पांढऱ्या भागाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करतेय. लहानपणी त्या कडांवर माझा हक्क असायचा. मी त्या चहात बुडवून खायचो, आणि तुम्ही कुठूनतरी दमून यायचात, माझ्या ताटलीतली एक कड उचलून तोंडात टाकायचात. कुठे जाऊन यायचात हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. महिन्याभरात चर्चच्या मंडळीतल्या कुणाला तुम्ही दुखावलं असेल, तर प्रभूच्या मेजापाशी उभं राहण्याआधी, शनिवारी, त्या माणसाकडे जाऊन माफी मागायची, हा तुमचा नेम. वेदीवरून तुम्ही त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाहीत. पण खुद्द पाळकसाहेब जातात म्हटल्यावर हळूहळू सगळेच जायला लागले. भावाभावांचे, जावाजावांचे अबोले शनिवारी मिटायचे, चहा व्हायचा, आणि रविवारी माणसं मोकळ्या मनाने बाकावर येऊन बसायची.

मला तो निघोज्याजवळचा शनिवार आठवतो. मी ताथवड्याच्या कॉलेजात शिकत होतो. तुमचा गुडघा धरला होता म्हणून स्कूटर मी चालवत होतो. आदल्या रविवारी मंडळीतले पेटी वाजवणारे भाऊ उशिरा आले, तेव्हा तुम्ही भर उपासनेत त्यांना झापलं होतं, की असं यायचं असेल तर येऊच नका. ते रात्रपाळी करून, डोळ्याला डोळा न लागता तसेच आले होते, हे तुम्हाला नंतर कळलं. मला वाटलं आपण त्यांच्या खोलीवर जाऊ. तुम्ही म्हणालात, त्यांच्या कंपनीच्या गेटवरच थांबव. शिफ्ट सुटते, डबे आणि हेल्मेटं घेतलेली माणसं बाहेर पडतात, आणि त्या गर्दीत भाऊ दिसताच तुम्ही लंगडत पुढे जाता आणि दोन्ही हात जोडता.

"भाऊ, माझं चुकलं. माफ करा मला."

भाऊ जालन्याकडचे. पार गोंधळून गेले. "आवो पाळकसाहेब, हे काय करायलेत? इथं नका ना, लोक बघायलेत."

"मी झापलं तेव्हाही लोक बघतच होते की."

भाऊंनी तुमचे हात धरले आणि तिथेच रडायला लागले. मागून कुणीतरी हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतीच्या वाटेवर मी चिडून विचारलं, "एक फोन केला असता तर चाललं नसतं का?" तुम्ही मागच्या सीटवर गुडघा चोळत म्हणालात, "फोनवर हात कसे जोडायचे रे?"

तुमच्यानंतर तीच मंडळी आता माझ्याकडे आहे. छपराचे पत्रे जाऊन स्लॅब पडला, गीतं पडद्यावर दिसतात, झगा मात्र मी अजून तुमचाच घालतो. मध्यंतरी एका रविवारी संदेश देताना मी म्हणालो, "काही जणांना प्रभूपेक्षा ओव्हरटाइम प्यारा झालाय." नाव घेतलं नव्हतं. पण शेवटच्या बाकावर एक ताई कंपनीच्या ड्रेसमध्येच, गळ्यात ओळखपत्र अडकवून बसली होती, आणि सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. नवरा गेल्यापासून घर तिच्या एकटीच्या जिवावर चाललंय, हे त्या हॉलमध्ये माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. अंत्यविधी मीच केला होता. ती उठली, बाहीने तोंड पुसत बाहेर गेली, आणि मी पुढचं वचन वाचलं. तुमचीच चूक मी जशीच्या तशी केली, पप्पा. फक्त तुमचा शनिवार तेवढा घेतला नाही.

घेतला नाही म्हणजे, मी तिला मोबाइलवर मेसेज पाठवला. "आपणास वाईट वाटले असल्यास क्षमस्व." निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. मंडळीच्या पंचांनी विचारलं, तेव्हा मेसेज टाकलाय म्हणून सांगितलं. त्यानंतर ती चर्चला आली नाही, आणि मी प्रभुभोजनाची भाकर मोडत राहिलो. मनातल्या मनात म्हणायचो, आपण आपलं काम केलं. खरं सांगायचं तर, मी काही फार चुकीचं बोललो नव्हतो, असंही कुठेतरी वाटायचं. मग या आठवड्यात त्यातल्याच एका पंचाला मी म्हणालो, धाकट्या भावाशी किती दिवस अबोला धरणार, शनिवारी जाऊन या की. ते अगदी सहज म्हणाले, "मेसेज टाकलाय ना पाळकसाहेब, तुमच्यासारखाच." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. मी त्यांना कधी काही शिकवलं नव्हतं. त्यांनी माझं पाहून घेतलं होतं, तुमचं पाहायचे तसंच. माझ्या मंडळीत आता शनिवारी कुणी कुणाच्या दारात जात नाही.

म्हणून आज दुपारी गाडी काढली. "ताईंना भेटून येतो," असं घरात सांगून निघालो. तिच्या कंपनीच्या गेटसमोर, रस्त्यापलीकडे थांबलो. शिफ्ट सुटली. ती डब्याची पिशवी छातीशी धरून बाहेर आली, पहिल्यापेक्षा वाळलेली वाटली. माझा हात दाराच्या खटक्यावर होता. तेवढ्यात आपल्या मंडळीतली दोन पोरं तिच्या मागोमाग बाहेर पडताना दिसली. ती बघतील, घरी जाऊन सांगतील, असं मनात आलं आणि मी काच वर केली. ती कंपनीच्या बसमध्ये चढली. बस गेली. मी एसी लावून बसून राहिलो.

घरी आलो तेव्हा तुमच्या सुनेने ब्रेडचा पुडा फोडला होता. तिने वर न बघताच विचारलं, "भेटलात का हो?" मी हो म्हणालो. "बरं झालं," म्हणाली आणि कडांची ताटली माझ्यापुढे सरकवली. तिला शंकासुद्धा आली नाही, पप्पा. या घरातला पाळक शनिवारी कुणाकडे जाऊन आलो म्हणाला, की तो जाऊन आलेलाच असतो, हे तिने तुमच्याकडे बघूनच धरून ठेवलंय.