माझ्या चाकूचं पाणी

४ फेब्रुवारी, मंगळवार

जोडीला दिलेला! म्हणे जोडीला दिलेला!!

दादा-वहिनी संध्याकाळी आले होते. खोक्याची दोरी कुणाला सुटेना, म्हणून मी पर्समधून माझा घडीचा चाकू काढला आणि सर्रकन कापली. एवढंच केलं. आता हातात चाकू आहे म्हटल्यावर माणूस दोन शब्द बोलणारच ना? म्हटलं, "सहा वर्षं ग्रंथालयात रोज यानंच पुठ्ठा कापते. एकदाही धार लावलेली नाही. याला म्हणतात स्टील!"

तर दादा सोफ्यावर पसरून म्हणतो, "स्टील माझ्या चाकूचं. बाबांनी खरा चाकू मला आणला होता, तुझा आपला जोडीला दिलेला. तू रडशील म्हणून."

मी बारा वर्षांची होते, तो पंधराचा. बाबांनी एकाच दिवशी दोघांना दोन चाकू आणून दिले. तीच तपकिरी मूठ, तीच पितळी कडी. माझ्या कडीला तेवढा लाल दोरा बांधलाय. आणि हा माणूस, ज्याचा चाकू चाळीस वर्षं खणात झोपलाय, तो मला स्टील शिकवणार!

शेवटी पैज लागली. ज्याच्या चाकूचं स्टील हलकं निघेल त्यानं घरच्या ग्रुपवर लिहायचं — "बाबांचं लाडकं मूल मी नव्हे." ग्रुपवर चौतीस माणसं आहेत. दोन्ही आत्या आहेत!

बाबांनाच विचारलं. सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हापासून ते आमच्याकडेच असतात, समोरच बसले होते. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "काल काय जेवलो ते आठवत नाही मला." याच माणसाला माझे सातवीतले गणिताचे मार्क अजून पाठ आहेत.

५ फेब्रुवारी, बुधवार

चाकूच्या पात्याच्या बुडाशी म्हणे स्टीलचा नंबर कोरलेला असतो. ग्रंथालयाच्या दुरुस्तीच्या खोलीत दार लावून भिंग घेऊन बसले. बराच वेळ बघितल्यावर एक आकडा दिसला. चार! मग दुसरा चार! ४४० नावाचं एक चांगलं स्टील असतं, हे सकाळीच वाचलं होतं. मी ओरडलेच.

ग्रंथपाल बाई धावत आल्या. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि पदरानं पुसलं. दोन्ही चार पुसले गेले.

"डिंक आहे गं तो," म्हणाल्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ग्रंथालयाची आठवड्याची सुट्टी. दुपारी नेहमीसारखी मस्त झोपले. दादाचे चार फोन. एकही उचलला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

भांड्यांच्या दुकानात गेले होते. मालक म्हणाला, "ताई, सोपं आहे. अस्सल स्टीलला चुंबक चिकटत नाही. चिकटला की समजायचं, हलकं." आणि गल्ल्यातून चुंबक काढून टेकवला.

ठप्प!

असा चिकटला की दोघांनी ओढून काढला. दुकानातल्या दोन बायका माझ्याकडे बघून हळहळल्या सुद्धा. तोंड पाडून घरी आले. ह्यांनी विचारलं काय झालं, तर म्हटलं डोकं दुखतंय. नवरा आहे तो — लगेच म्हणाला, "चिकटला वाटतं चुंबक?"

मग ह्यांनीच वहिनीला फोन करून दादाच्या चाकूला फ्रिजवरचं चुंबकाचं फुलपाखरू लावायला सांगितलं. तेही चिकटलं. वहिनी म्हणाली, "सोडतच नाहीये हो, पंख तुटला!"

९ फेब्रुवारी, रविवार

कळलं! चाकूचं पातं कडक करावं लागतं, आणि असं कडक होणारं कुठलंही स्टील चुंबकाला चिकटतं. भारी असो नाहीतर फालतू. भांडीवाल्याचा नियम पातेल्यांचा! दिवसभर मी माझ्या चाकूला पातेलं समजून रडत होते. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

रस्त्यावर धारवाला दिसला. त्यानं पात्यावर नख मारून कानाशी धरलं, एक डोळा मिटला. म्हटलं, आता हा सांगणार! तर म्हणतो, "पाणी बघावं लागेल. जरा चाकावर घासून ठिणग्या बघू?"

ठिणग्या! माझ्या चाकूच्या! हातातून हिसकावूनच घेतला. पण शब्द छान वापरला त्यानं. दादाला फोनवर मुद्दाम तोऱ्यात सांगितलं, "नुसती मूठ बघून चालत नाही. चाकूला पाणी कसं दिलंय ते बघायचं असतं."

१२ फेब्रुवारी, बुधवार

हसून हसून पोट दुखतंय, अक्षर बिघडलं तरी चालेल.

दादाचा सकाळी सातला फोन. "चाकू शोधून शोधून दमलो, आणि सापडला कुठे? पाण्याच्या तांब्यात!" वहिनीनं काल आमचं बोलणं अर्धवट ऐकलं होतं. चाकूला पाणी द्यायचं असतं म्हणे! मग तिनं दिलं. तांब्या भरून. वर झाकणसुद्धा ठेवलं!!

मागून तिचा आवाज येत होता, "मला काय माहीत? गाळलेलंच घातलंय मी!"

पाणी देणं म्हणजे पातं लालभडक तापवून विझवतात गं बाई, त्यानं ते कडक होतं, असं मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग तसं बोला ना. घरात बसून भट्टीची भाषा कशाला?"

पण दादाचं नशीबच भारी. रात्रभर पाण्यात राहूनही पात्यावर डाग नाही. लगेच चढला — "बघितलंस? अस्सल!" मीही माझ्या पात्यावर लिंबू पिळून तासभर ठेवलं. डाग नाही. एक-एक बरोबरी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आता खरी परीक्षा. दोन्ही चाकू दहा दिवस दादाकडे. वहिनी पंच. धारवाल्याकडून दोन्हींना सारखी धार लावून आणायची आणि मग रोज प्रत्येकानं पुठ्ठ्याच्या वीस पट्ट्या कापायच्या. ज्याची धार टिकेल तो जिंकला.

माझा चाकू पाठवताना जिवावर आलं. बाबांना तर माझ्याहून जास्त. "किती दिवस? दहा? दहा कशाला? चार पुरेत की!" तीनदा विचारलं. म्हटलं, अहो, सहा वर्षं टिकली ती धार दहा दिवसांत कुठे जातेय!

बाबा उठून फेऱ्या मारायला लागले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ग्रंथालयात कपाटातला दुसरा कटर वापरतेय. बोट कापलं. पुस्तक नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दादानं दगा दिला.

आज निकाल होता. त्याच्या चाकूनं कागद कापला — जरा अडखळत, पण कापला. माझा घेतला, तर कागद नुसता दुमडला! पुन्हा घेतला. पुन्हा दुमडला. शेवटी कागदाला भोक पडलं तेही माझ्या अंगठ्यानं.

मी सरळ म्हटलं, "कुठल्या फरशीवर घासलास?" दादा म्हणाला, "वेडी आहेस का?" मी म्हटलं, "लहानपणी माझ्या पेन्सिलींची टोकं तूच मोडायचास!" वहिनी मध्ये पडली. म्हणाली, "माझ्या देखत कापलंय सगळं. तुमचा सातव्या दिवशीच बसला हो. मी सांगितलं नाही, म्हटलं तुम्हाला वाईट वाटेल." मी तिलाही बोलले. नको ते बोलले. चहा न घेता उठले.

जिन्यात दादा मागून आला. "भंगाराच्या व्यापाऱ्याकडे धातू ओळखायचं यंत्र असतं. उद्या जाऊ. यंत्र तर फितूर नाही ना माझ्याशी?"

२६ फेब्रुवारी, बुधवार

यंत्र बंदुकीसारखं दिसतं. पात्यावर नळी टेकवायची, घोडा दाबायचा, पडद्यावर आकडे येतात — कुठला धातू किती. व्यापारी टायर कापून केलेल्या स्टुलावर बसला होता. त्यानं आधी दादाचा चाकू घेतला. क्रोमियम सतरा, मॉलिब्डेनम अर्धा. मान हलवली. "४४० च्या घराण्यातला. चांगला आहे, जपा."

मग माझा. क्रोमियम तेरा. बाकी जवळजवळ काही नाही.

"हा बहुतेक साधा ४२०. गंजत नाही, पण धार धरत नाही. रोज वापरला तर आठवड्याभरात बोथट. असले डझनावारी येतात बाई."

मी म्हटलं, "सहा वर्षं धार न लावता वापरलाय मी!" तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "मग तो चाकू हा नव्हे."

लाल दोरा माझ्याच हातचा. चाकू हाच.

दादानं चिडवलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यानं बाहेर आल्यावर मला उसाचा रस पाजला, स्वतःहून, आणि म्हणाला, "ग्रुपवर लिहायचं राहू दे. गंमत होती." मी म्हटलं, पैज म्हणजे पैज, शुक्रवारपर्यंत लिहीन. एवढा ताठा आहे अजून.

घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले. बावन्न वर्षांची बाई, चाकूसाठी! चाकूसाठी नव्हे. बाबा दुकानात उभे राहिले असतील, दोन्ही हातात घेऊन बघितले असतील, आणि चांगला त्याला ठेवला असेल. मला कळणार नाही असं वाटलं असेल. आणि कळलंच नाही, चाळीस वर्षं.

जेवताना बाबांनी विचारलं, "आला का चाकू परत?" म्हटलं, "आला."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी झोप लागेना. पाणी प्यायला उठले, तर मागच्या गॅलरीचं दार अर्धवट लोटलेलं. बाबा पाटावर बसलेले. पुढ्यात ओला दगड, मांडीवर जुना टॉवेल, हातात माझा चाकू. लाल दोरा भिजू नये म्हणून सोडून कानावर अडकवलेला! जीभ ओठांच्या कोपऱ्यात. घासायचे, पुसायचे, पेपरच्या कडेवर कापून बघायचे, पुन्हा घासायचे. हात असा सराईत की एकदाही खाली बघावं लागत नव्हतं. मग दोरा बांधला, माझी नेहमीची दुहेरी गाठ, आणि चाकू माझ्या पर्सच्या मधल्या कप्प्यात. कप्पासुद्धा बरोबर.

दर गुरुवारी. सहा वर्षं. मी झोपले की.

पावलं न वाजवता परत येऊन पडले. ग्रुपवर लिहून टाकलं — "स्टील दादाचंच चांगलं. मी हरले." लाडकं कोण, ते नाही लिहिलं. चौतीस माणसांत उगाच दादाला वाईट वाटायचं.