फळ्यावरचं नाव

प्रिय धीरज,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचूनही उत्तर देत नाहीस. म्हणून दिवसभर कीबोर्ड बडवणारा तुझा बाप आज पेन घेऊन बसलाय. शेजारचा मुकेश दुपारच्या गाडीने पुण्याला निघतोय, त्याच्या हाती हे देतो. अक्षर लागलं नाही तर सूनबाईकडून, ऋचाकडून वाचून घे.

इकडे सगळं ठीक, असं लिहिणार होतो; पण ठीक नाही. तुझी आई भाजीत दोनदा मीठ घालते आणि खापर माझ्या कॉम्प्युटरवर फोडते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली माणसं देवदर्शनाला जातात, तुम्ही जगाला शहाणपण शिकवायला बसलात, हे तिचं म्हणणं. तू टाकून दिलेल्या लॅपटॉपवर मी लिनक्स चढवलं, ब्लॉग काढला, तेव्हा तूही हसला होतास. वाचणार कोण, बाबा, म्हणालास. वाचणारा एकच निघाला, आणि तो बबनराव.

तुला माहीतच आहे, चौकातल्या फळ्यावर तो रोज सकाळी खडूने बातम्या लिहितो. कोण वारलं, नळ कधी येणार, आष्टीच्या बाजारात संत्र्याला काय भाव. खाली एक सुविचार असतो. हल्ली सुविचार संपले की तो माझ्या ब्लॉगवरून उचलतो. मी सुखावलो होतो, खोटं कशाला बोलू.

मग ग्रामपंचायतीने सफाईवाल्या बायांची हजेरी चेहरा ओळखणाऱ्या यंत्राकडे दिली. आनंदाबाई झुंजुमुंजु असताना झाडायला येते. त्या उजेडात यंत्र तिला ओळखत नाही आणि सरळ गैरहजर लावतं. सरपंच म्हणतात, मशीन खोटं बोलत नाही. माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, 'निवडून दिलेल्या माणसाला जाब विचारता येतो. यंत्राला विचारता येत नाही, म्हणून तर पुढाऱ्यांना यंत्र आवडतं.' यातला शब्दही मी आज बदलणार नाही. यंत्र तुझ्या कंपनीचं आहे हे मला ठाऊक होतं, तुला लागेल हेही. पण लिहिलं ते माझ्या नावाने.

बबनरावने ते फळ्यावर उतरवलं आणि खाली तुझं नाव घातलं. धीरज, कॉम्प्युटर इंजिनीअर, पुणे, आपल्या गावचे सुपुत्र. त्याच्या मते एवढी अक्कल पोराचीच असणार, बाप नुसता टाइप करतो. भांडायला गेलो तर मलाच विचारतो, "काऊन हरिभाऊ, पोराचं नाव मोठं केलं तं तुमाले राग येऊन राह्यला का?" मी फळा पुसला, पण तोवर फोटो तालुकाभर फिरला होता. निवडणूक तोंडावर आहे. विरोधी पॅनलने तर तुझ्या फोटोसकट पत्रकच छापलं. गल्लीत मोटारसायकल थांबली तरी आता सरपंचाची माणसं आली की काय म्हणून मी दाराला कडी घालतो.

काल ऋचाने रडत रडत तुझ्या आईला सगळं सांगितलं. ऑफिसने म्हणे दोनच वाटा ठेवल्या. नाव वापरणाऱ्यावर पोलिसांत तक्रार कर, नाहीतर सोमवारी लेखी खुलासा दे. आणि तू म्हणालास, तक्रार कसली, ते मीच लिहिलंय. धीरज, ऐकून अभिमान वाटला आणि लगेच तुझी नोकरी आठवली. अरे, ऋचाला सातवा महिना लागलाय. सोमवारी सांग, बापाने लिहिलंय, हा घ्या त्याचा पत्ता. पोलीस आले तर मी आणि बबनराव बघून घेऊ. मला वाचवायला खोटं बोलला असशील तर ते मागे घे, हा माझा हुकूम आहे. आणि खोटं बोलला नसशील, तुलाही खरंच तसंच वाटत असेल, तर माझा हुकूम मी मागे घेतो. पण मला कळू दे. फोन उचलू नकोस, तूच कर.

तुझाच, काळजीने अर्धा झालेला,
बाबा