मधोमधची माती

दि. ११ डिसेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र आणि मातीचा डबा, दोन्ही पोचलं. डब्याला तू इतकी दोरी गुंडाळली होतीस की आमच्या शिपायाला वाटलं आत दागिने आहेत. इथे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, पण प्रयोगशाळेत दिवसभर उभं राहायचं म्हटल्यावर तो बिचारा तरी काय करणार? वहिनीचा खोकला कमी झाला का? तिला म्हणावं, शेत जाळतील तेव्हा धुराजवळ थांबू नकोस.

आता तुझ्या प्रश्नाचं. गहू उगवला नाही, बियाणंच नासकं निघालं असं तू लिहितोस, आणि त्यावरून दुकानदाराला चार लोकांत वाट्टेल ते बोलून आलास. त्याची माफी माग. बियाणं चांगलं होतं. तू पाठवलेल्या मातीचा वरचा पापुद्रा मी सोडवला, तर त्याच्याखाली कोंब सापडले. वर यायला वाट मिळाली नाही म्हणून तिथल्या तिथे वाकडे होऊन वाळलेले. मी सात मोजले आणि मग मोजायचं सोडून दिलं.

एक ढेकूळ पाण्यात टाकलं. चहात साखर विरघळायला लागतो तेवढाच वेळ लागला. चांगल्या मातीचं ढेकूळ तासभर टिकतं, कारण कुजलेला पाला, बारीक मुळं, गांडुळं यांनी ते धरून ठेवलेलं असतं. तुझ्या मातीत धरणारं काही उरलेलं नाही. सेंद्रिय कर्ब शेकड्याला पावसुद्धा नाही. दरवर्षी धसकटं जाळलीस, रोटाव्हेटरने मातीचं पीठ केलंस, ओल्या रानात जड ट्रॅक्टर फिरवून वीतभर खाली फरशी केलीस. पाणी वर तुंबतं ते त्यामुळे. आणि पुढच्या आठवड्यात त्याहून मोठं यंत्र आणतो म्हणतोस. ते आणू नकोस. उरलंसुरलं तेही जाईल.

तू म्हणशील, बारा वर्षांपूर्वी तर हीच माती उत्तम ठरली होती, तुझीच सही आहे अहवालावर. आहे. तू तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला आहेस आणि आल्यागेल्याला दाखवतोस, हेही मला ठाऊक आहे. दर वेळी मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून आत जाते.

नमनालाच घडाभर तेल गेलं. दादा, तो अहवाल खोटा होता.

आठव, तेव्हा अर्ध्या शेतात बाबा त्यांच्या पद्धतीने करत होते आणि अर्ध्यात तू तुझ्या. तीन वर्षांतच बाबा म्हणायला लागले की तुझ्याकडची माती मरतेय. तुमची भांडणं इतकी वाढली की जेवायच्या ताटावरूनही उठायचात. शेवटी तू पेटी भरलीस. म्हणालास, धाकटीला तपासू दे, माती वाईट निघाली तर मी कारखान्यात जातो, परत तोंड दाखवणार नाही. मला प्रयोगशाळेत नोकरीला लागून तेव्हा महिनाच झाला होता. नमुना शेताच्या आतून, चारपाच ठिकाणचा घ्यायचा, बांधावरचा आणि झाडाखालचा कधीच नाही, कारण तिथे पाला कुजून माती चांगलीच निघते, हा आमचा पहिला धडा. मी झाडाखालचा घेतला. पिशवीवर लिहिलं, ‘मधोमध’.

इथेच थांबायचं असं ठरवून बसले होते. पण अर्धं खरं सांगून पुन्हा खोटंच होईल.

त्या सकाळी बाबा माझ्याबरोबर होते. मी तुझ्या शेतात मधोमध पहिला खड्डा घेतला. त्यांनी माती बोटांत चुरली आणि वास घेतला. मग माझ्या हातातलं फावडं घेऊन बांधावर गेले आणि झाडाखाली स्वतः खणलं. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "माती परत आणता येते गं. पोरगा गेला की गेला." आणि कुणाला सांगणार नाही असं माझ्याकडून वदवून घेतलं.

तू सगळ्यांना सांगतोस, म्हातारा हरला आणि रुसला, मरेपर्यंत माझ्या अर्ध्यात पाऊल टाकलं नाही. ते रुसले नव्हते. त्यांना बघवत नव्हतं, आणि तुला थांबवायचं तर खरं सांगावं लागलं असतं.

माती परत येते, पण किती वर्षांनी, हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत आहे. उद्यापासून जाळणं बंद केलंस, धसकटं तशीच राहू दिलीस, शेणखत घातलंस, तरी आपल्या दोघांच्या हयातीत ती पहिल्यासारखी होईल असं मी लिहून देणार नाही. तरी बंद कर. यंत्रवाल्याला आजच नको म्हणून सांग.

मला खुशाल शिव्या दे, घरी येऊ नकोस म्हण, मी ऐकून घेईन. बाबांवर मात्र चिडू नकोस. ते तुझ्याशी हरले नव्हते रे. मरतंय हे दिसत असताना त्यांनी शेत सोडलं आणि तुला ठेवून घेतलं.

बारा वर्षं तुझ्या घरी पानात वाढलेलं जेवून गप्प बसलेली,
तुझी धाकटी