गेटवरची पाटी

सोमवार, संध्याकाळ. सातपूर

उद्या गुंतवणूकदार कारखाना बघायला येणार. जाहिरातवाला म्हणतो, "मॅडम, गेटवरची ती गंजकी पाटी काढा. इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीला शोभत नाही."

पाटीवर लिहिलंय, 'पंपाची मोटर रिवायंडिंग करून मिळेल.' का नाही शोभत? ही पाटी माझ्या बापाच्या, आण्णांच्या दुकानाची; त्याच दुकानात कंपनी जन्मली. देवळा तालुक्यातल्या विहिरींवरच्या जळक्या मोटरींत नवी तार भरणाऱ्या आण्णांनीच आमच्या पहिल्या गाडीची मोटर भरली. मग लपवायचं काय?

तणतणत गेटवर गेले, तर आण्णाच स्टुलावर चढून पाटीचे स्क्रू काढत होते.

"मोठी लोकं येणार हायेत, पोरी. तुला कमीपणा नको."

मला? कमीपणा?

त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सगळे स्क्रू आधीपेक्षा घट्ट पिळले. उद्या जो कोणी येईल, तो त्या पाटीखालूनच आत येईल.