बार्बोसा, मी आणि हाउन्सलोचा नारळ

हाउन्सलो, लंडन

प्रिय हिंदुराव यास,

नमस्कार. (आधी 'सप्रेम नमस्कार' लिहिलं होतं. पुढे काय लिहायचं आहे ते आठवलं आणि 'सप्रेम' खोडलं.) तू, लिला आणि तुझे गुडघे कसे आहेत? लिलाची आणि गुडघ्यांची चौकशी मनापासून करतो आहे, तुझी केवळ रिवाज म्हणून. मी इथे अनिशकडे सुखात आहे. सूनबाई ऋजुता काही कमी पडू देत नाही, नात तनू मराठीची हाडं मोडत का होईना पण माझ्याशी भरपूर गप्पा मारते, आणि डोक्यावरून सारखी विमानं जातात. त्यातल्या एकात बसून तडक कोल्हापूरला यावं आणि तुझी गचांडी धरावी, असं मला गेल्या शनिवारपासून वाटतंय. फोनवरच भांडलो असतो, पण तुमच्याकडे फोन लिला उचलते, आणि ती माझी सख्खी बहीण असून बाजू मात्र नवऱ्याची घेते.

झालं असं, की ऋजुता इथल्या मराठी मंडळाच्या कमिटीवर आहे. वर्ल्ड कपचे दिवस, त्यामुळे तिने मोठ्या अभिमानाने जाहीर करून टाकलं की आमचे बाबा तरुणपणी कोल्हापुरात गोलकीपर होते (बिचारीला पुढचं काय ठाऊक!) आणि ते ब्राझीलच्या थोर खेळाडूंवर बोलतील. सेक्रेटरी अंशुमन नावाचा एक उत्साही प्राणी आहे. त्याने व्याख्यानाला नाव दिलं 'ब्राझीलचे फुटबॉलमहर्षी'. महर्षी! अरे, गारिंचाचे दोन्ही पाय एकाच बाजूला वाकलेले, त्या पायांनी त्याने जगभरचे धडधाकट बॅक जमिनीवर बसवले आणि शेवटी दारूने तो स्वतः बसला. त्याला महर्षी म्हणणाऱ्याने फुटबॉल कधी पायाने तरी शिवलाय का? बरं, या अंशुमनने माझा परिचय करून द्यायचा, तर तो पेलेचाच परिचय करून देत सुटला. सतराव्या वर्षी जिंकलेला वर्ल्ड कप, मग उरलेले दोन, कोलकात्याची भेटसुद्धा, म्हणजे मी आठवडाभर खपून जे जे काढलं होतं ते सगळं तो मोबाइलवरून वाचून मोकळा झाला. मग प्रायोजकांचे सत्कार, मग प्रायोजकांच्या बायकांचे सत्कार. माझ्या हाती माइक आला तेव्हा हॉलमध्ये बटाटेवड्यांचा वास सुटला होता आणि अर्धे श्रोते मान वळवून स्वयंपाकघराकडे बघत होते.

मी चिडलोच. पेले सोडून दिला. सॉक्रेटिस हा कॅप्टन असून शिकलेला डॉक्टर होता एवढं सांगितलं (डॉक्टर म्हटल्यावर चार आया सावरून बसल्या), आणि थेट बार्बोसावर आलो. तुला बार्बोसा ठाऊक नसणार, कारण तुला फक्त गोल करणारे ठाऊक असतात. एकोणीसशे पन्नास सालचा ब्राझीलचा गोलकीपर. घरचं मैदान, नुसती बरोबरी झाली असती तरी कप त्यांचा. उरुग्वेने दुसरा गोल घातला, आणि वैऱ्याबद्दलही कुणी बोलणार नाही असं त्याच्याबद्दल पुढे मरेपर्यंत बोलले. वीस वर्षांनी तो दुकानात गेला, तर एका बाईने आपल्या मुलाला दाखवलं म्हणे, बघ, याच माणसाने अख्ख्या देशाला रडवलं. ब्राझीलने नंतर ती पांढरी जर्सीसुद्धा टाकून दिली. म्हणजे दोष कुणाचा, तर जर्सीचा आणि गोलकीपरचा! बाकीचे दहा जण जेवायला मोकळे. हे सांगताना माझा आवाज चढला, स्वयंपाकघराकडे वळलेल्या माना परत फिरल्या, आणि (तुला आवडणार नाही, पण) टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या.

तिथेच थांबलो असतो तर बरं होतं. पण आपल्या लोकांना शाल-श्रीफळाशिवाय माणूस घरी पाठवता येत नाही. इथला नारळ दुकानातून आलेला, वर प्लास्टिकचं घट्ट गुळगुळीत वेष्टन. शाल खांद्यावरून घसरायला लागली म्हणून मी एक हात तिकडे नेला, आणि नारळ दुसऱ्या हातातून निसटून, गुडघ्यावर आपटून, दोन पायांमधून मागे गेला. थेट पडद्याच्या जाळीत. आणि मागच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "रघ्या झालं!"

आपल्या पेठेत दूध उतू गेलं, बस चुकली, की 'रघ्या झालं' म्हणतात, ते ऐकत मी म्हातारा झालो. पण हाउन्सलोत? ओरडणारा होता रवी नावाचा डॉक्टर, लीड्सच्या कुठल्याशा हॉस्पिटलात असतो, मूळचा आपल्याच पेठेतला. लोकांनी अर्थ विचारला तेव्हा पठ्ठ्याने स्टेजवर येऊन माइक घेतला आणि शाहू स्टेडियमवरची आपल्या तालमीच्या संघाची फायनल हातवाऱ्यांसह सांगितली. रघ्या नावाचा गोलकीपर, समोरून आलेला साधा बॉल, आणि रघ्या पालथा. लोक पोट धरून हसत होते. त्याला बापड्याला ठाऊक नव्हतं की रघ्या शाल पांघरून शेजारीच उभा आहे. ते तनूने सांगितलं. पहिल्या रांगेतून उठून म्हणाली, "पण रघुवीर तर माझं आजोबा आहे!"

मी माइक घेतला. सांगितलं, की बॉल सरळ माझ्या छातीवर येत होता, पण माझ्या पुढ्यातल्या बॅकने, आमच्या स्टॉपरने, मध्येच तंगडी घातल्यासारखा पाय घातला आणि बॉल दिशा बदलून डाव्या कोपऱ्यात गेला. रवी अदबीने म्हणाला, "ऑनेस्टली काका, सगळेच गोलकीपर असं म्हणतात." मी विचारलं, तुला हे सगळं सांगितलं कुणी? तर म्हणाला, हिंदुरावकाकांनी. तालमीच्या जेवणावळीत दर वर्षी सांगतात. ॲक्शन करून.

ॲक्शन करून, हिंदुराव! कुणाची ॲक्शन करतोस? माझी पालथं पडण्याची? मग स्वतःच्या पायाची का करत नाहीस? घरी येताना बसमध्ये तनूने विचारलं, "आजोबा, तू हरलेला आहे का?" लोकांच्या हसण्याचं मला काही वाटत नाही, पण त्या पोरीच्या प्रश्नाने मी आतून हललो. लाज वाटू दे. तालमीच्या वर्धापनदिनाला मी परत येतो आहे. त्या दिवशी सगळ्या पेठेसमोर माइक धरून, पाय माझा होता, असं तू सांगायचंस. नाही सांगितलंस तर मी तुझा कोणी नाही आणि तू माझा कोणी नाहीस.

तुझा (लिलामुळे नाइलाजाने),
रघुवीर

ता. क. पत्र लिलाला वाचून दाखवू नकोस. रक्तदाबाची गोळी तिने चुकवू नये.

ता. क. दुसरा. रात्री विचार केला. माइकवरून काही सांगू नकोस. सांगितलंस तर उद्यापासून पेठेत 'हिंदुराव झालं' सुरू होईल आणि माझ्या बहिणीला ते भाजी घेतानाही ऐकावं लागेल. मला सवय आहे. आणि खरं सांगू, बार्बोसाच्या पुढे त्या दिवशी बॅकला कोण होता ते मी व्याख्यानात सांगणार होतो, तर मलाच नाव आठवेना. तनूला तेवढं फोनवर खरं काय ते सांग. तिने विश्वास ठेवला की पुरे.

ता. क. तिसरा. वर्धापनदिनाला जुन्या खेळाडूंचा सामना आहे असं कळलं. गोलमध्ये मी उभा राहणार, हे तालमीच्या कमिटीला कळवलं आहे. स्टॉपरला कोण पाहिजे असं त्यांनी विचारलं, तेव्हा तुझं नाव दिलं. गुडघ्यांची सबब चालणार नाही. दुसरा कुणी पुढे असला तर मी शिव्या कुणाला घालू?