छबुकाकीचा अंगठा आणि माळावरचे चर

वडवणी,
९ मे २०१९

तीर्थस्वरूप धर्मादादास,

आसारामचा वाकून नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, खरं काय ते पुढं येईलच. तुझी तब्येत कशी आहे? वहिनींची कंबर दुखायची राहिली का? पुण्यात नळाला रोज पाणी येतं म्हणतात. (येत असेल तर उत्तरात लिहू नकोस. इथं एक पत्र चार जण वाचतात आणि उगाच जीव जळतो.)

पत्र कशापायी लिहिलं म्हणशील. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. मेसेज केला की दोन निळ्या रेघा येतात आणि पुढं काहीच येत नाही. पत्राला निळ्या रेघा नसतात, त्यामुळं तू ते वाचलंच नसशील अशी आशा तरी धरता येते.

तर गोष्ट तू पाठवलेल्या मॅक्रो लेन्सची. दिवाळीला तू आला नाहीस, तुझ्याऐवजी ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरबरोबर ती आली. (तुझ्या मायनं, म्हणजे माझ्या छबुकाकीनं, डबा उघडून पाहिला आणि विचारलं, "ह्याच्यात खायाचं काय हाय?") तू ती मुंग्यांचे फोटो काढायला घेतली होतीस आणि मुंग्या थांबत नाहीत म्हणून कंटाळलास. अरे दादा, माझ्या स्टुडिओत माणसं तरी कुठं थांबतात? ही लेन्स लई जवळ जाते आणि जवळ गेली की तिला एवढंसंच दिसतं. पापणीवर नेम धरला तर नाकाचा शेंडा धूसर होतो, आणि समोरच्यानं श्वास घेतला की पापणीही हातची जाते. एका नवरीचा फोटो काढला, त्यात कुंकवाचा कण न् कण आला, फक्त नवरी ओळखू येईना. तिच्या मामानं फोटो सुलटा पाहिला, उलटा पाहिला आणि मग बराच वेळ मला पाहिलं.

त्यानंतर शहाण्यानं ती लेन्स कपाटात ठेवली असती. मी आपल्या दूध संस्थेच्या चेअरमनसाहेबांवर लावली. विठ्ठलरावांना वार्षिक अहवालासाठी फोटो पाहिजे होता, "एकदम क्लोजप" असा त्यांचा हुकूम. मी वीतभर अंतरावरून काढला. कानाच्या पाळीवर कलपाचा डाग, ओठाच्या कोपऱ्यात तंबाखूची काडी, डोळ्याखाली वयाची सगळी वर्षं मोजता येतील इतक्या सुरकुत्या. विठ्ठलराव म्हणाले, "हा कोण बे?" मी खाली पाहिलं. मग तेच फोटो डोळ्यांजवळ धरून हळूच म्हणाले, "बाप दिसतोय की माझा." अहवालात त्यांचा वीस वर्षांपूर्वीचा फोटो छापला गेला, पण हा फोटो ते घडी पडू न देता घरी घेऊन गेले. तेव्हापासून मला वाटायला लागलं की ही लेन्स वाईट नाही, आपल्यालाच जवळून पाहायची सवय नाही.

आता मुद्द्यावर येतो. संस्थेनं जनावरांची छावणी काढलीय. मागच्या दुष्काळात लोकांनी दोन-दोन नावांनी वैरण उचलली, म्हणून यंदा अंगठ्याचं मशीन आणलंय. मालकानं अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागला की वैरण मिळते. काकीचा अंगठा ठेवला की तांबडा लागतो. धुऊन ठेवला, तांबडा. तेल लावून ठेवला, तांबडा. आप्पाराव क्लार्क म्हणतो, "काकू, तुमच्या अंगठ्यावर रेघाच न्हाईत, मी काय करू?" रेघा राहतील कशा? तीस वर्षं कारखान्याच्या टोळीत ऊस तोडला, कोयता आणि पाचट यांनी सगळं घासून नेलं. (तुझं इंजिनिअरिंग त्याच तीस वर्षांत झालं. सहज आठवलं म्हणून लिहिलं.) आणि छावणीत वैरण म्हणून मिळतो काय, तर ऊस! जन्मभर ज्याच्या मोळ्या बांधल्या त्याची एक मोळी त्या बाईला मिळेना. चांदी गाय आठ दिवसांत अशी वाळली की तिच्या कपाळावरचा पांढरा ठिपका मोठा दिसायला लागलाय. काकी म्हणाली, येत्या बाजाराला विकते. नुसतं म्हणाली, पण गाय बाजाराला न्यायचं दावं नवीन वळायला घेतलं.

मला वाटलं, मशीनला दिसत नाही ते लेन्सला दिसेल. काकीला खिडकीपाशी बसवलं, उजेड बाजूनं घेतला म्हणजे उरलेल्या रेघांची सावली पडते. तिचा हात थरथरतो, म्हणून मनगट पिठाच्या डब्याला टेकवून घेतलं. चाळीस फोटो वाया गेले, एकेचाळिसावा आला. दादा, काय सांगू! कडेकडेनं बारीक रेघा ओळीनं वळत गेलेल्या, मधून कोयत्याची जुनी जखम तिरकी गेलेली आणि मधोमध सपाट, तिथं काहीच नाही. मी तो काळापांढरा, हातभर मोठा छापला आणि आप्पारावच्या टेबलावर नेऊन आपटला. हे बघ रेघा, म्हटलं.

त्याच दिवशी विठ्ठलरावांबरोबर जिल्ह्याहून साहेब तिथं आले. माळावर संस्थेनं पाणी अडवायला खोदलेले समतल चर त्यांना तपासायचे होते. (माळावर तीन चर आहेत. कागदावर किती आहेत ते विठ्ठलरावांना ठाऊक.) ऊन मी म्हणत होतं, साहेबांना माळ चढायचा नव्हता. त्यांची नजर टेबलावर गेली आणि ते म्हणाले, "वा! चरांचा फोटो वरून काढलाय का?" साहेब फोटोवर बोट फिरवत बोलायला लागले. चरांमधलं अंतर अगदी सारखं ठेवलंय, नाला बरोबर सोडलाय. मग त्या सपाट भागावर थांबून विचारलं, "इथं काम का नाही झालं?" विठ्ठलराव म्हणाले, "तिथं खडक लागला, साहेब."

मी तिथंच उभा होतो. तोंड उघडलं असतं तर माझं संस्थेच्या फोटोंचं काम गेलं असतं, म्हणून उघडलं नाही. ह्याची मला लाज वाटते, हे तुला लिहितोय, दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. फोटोला आता चौकट केलीय, खाली "समतल चर, माळरान" अशी पट्टी आहे. काकी दारातून सगळं ऐकत होती. साहेब गेल्यावर आत आली, चौकटीकडं पाहून म्हणाली, "माझ्या अंगठ्याला लई मान दिलात बाबांनो. आता गाईला वैरण कवा देता?" आप्पारावनं मान खाली घातली. म्हणाला, "फोटोला मशीन वळखत न्हाई, काकू. घरातला दुसरा अंगठा लावा. पोरगा हाय ना तुमाला? पुतण्या चालत न्हाई, नियम हाय."

बाकी विशेष काही नाही. वहिनींना नमस्कार, लेकीला पापा. चांदीचा काही निरोप नाही, ती हल्ली मान वर करत नाही.

तुझा,
आसाराम

ता. क. एवढं रामायण लिहिलं ते एकाच कामासाठी. एक दिवस ये. सकाळच्या गाडीनं ये, अंगठा ठेव, संध्याकाळच्या गाडीनं जा. तुझ्या अंगठ्यावर रेघा असतीलच, तू तो कधी कशाला घासू दिलेला नाहीस. लेन्सची सफाई कशी करतात तेही दाखव.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं आणि मधे बाजार आला. पहाटे काकी चांदीला घेऊन निघाली होती. मी वेशीवर गाठलं आणि दोघींना तसंच छावणीत नेलं. मशीनवर माझा अंगठा ठेवला, पहिल्या झटक्यात हिरवा दिवा लागला. आप्पारावनं विचारलं, "नातं?" मी तोंड उघडायच्या आत काकी म्हणाली, "ल्योक." आप्पारावला सगळं माहीत आहे, तरी त्यानं लिहून घेतलं. चांदी आता पोटभर खाते. काकीनं मात्र त्या दिवशी घास घेतला नाही, माझ्याकडं पाहिलंही नाही. जन्मात खोटं न बोललेली बाई. नोंदवहीत मुलाच्या नावासाठी एकच ओळ आहे आणि तिथं सध्या माझं नाव आहे. ते खोडायला तुलाच यावं लागेल. काकी म्हणाली, धर्माला हे कळवू नको, त्याला वाईट वाटंल. वाटावं म्हणूनच कळवतोय.