भात्याविना सूर

नार्वे,
गुरुवार

प्रिय सिद्धी बाय,

तुझ्या भावाच्या, रुद्रेशच्या हाती तू कीबोर्ड धाडलास आणि चिठ्ठीत एवढंच लिहिलंस, की मास्तर, आधी पंधरा दिवस वाजवून बघा, मग नावं ठेवा. वाजवला गो. यंदा जत्रेच्या नाटकाला तू साथीला बसणार नाहीस, असं रुद्रेश म्हणाला. म्हणून सांगतो, पत्र लांबलं तरी शेवटपर्यंत वाच.

आधी नावं ठेवतो, नाहीतर पत्र माझं वाटायचंच नाही. पट्ट्या प्लॅस्टिकच्या, बोटाखाली काही जाणवतच नाही. पेटीचा आवाज बदलून बासरीचा घ्यायला गेलं, की मधला सूर कचकन तुटतो. भर पदात तसं करू नकोस. परवा माझं कोपर कुठल्याशा बटणाला लागलं आणि नांदी चालली असताना आत ढोल बडवायला लागला! तुझी काकी हातातलं पीठ घेऊनच धावत आली. आणि लाइट गेली की हे यंत्र मुकं. जत्रेत लाइट जातेच, तेव्हा बॅटरीची सोय आधी बघ.

पण बाकी, देवाशपथ, मी हरलो. नाटकात प्रशांत गाणार पांढरी दोनच्या पट्टीत, विनिता काळी चारच्या. चाळीस वर्षं मी एकेकाच्या गळ्यासाठी बोटं बदलत आलो, आणि तू पट्टीचं एक बटण दाबून मोकळी! आवाज मंडपातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो. फक्त एक स्पीकर आपल्याकडे वळवून घे, नाहीतर वाजवणाराच बहिरा. आणि डावीकडचं ते चाक! पेटीवर मींड निघत नाही, हे टोमणे मी जन्मभर ऐकले. चाक जरासं फिरवलं नि सूर घसरत दुसऱ्या सुरावर गेला. त्याला जोरही लागत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

आता गेल्या जत्रेचं. पेटीवर मी, शेजारी कीबोर्डवर तू. प्रशांतचं पद मधेच मोडलं, तू घाबरून हात उचललेस आणि मी अख्ख्या मंडपासमोर बोललो, की पोर पट्टीचं बटण मागे घ्यायला विसरली. सगळ्यांना पटलं. तुलाही पटलं. रडत घरी गेलीस ती परत तालमीला आलीच नाहीस.

बाय, बटण शून्यावर, म्हणजे मूळ पट्टीवरच होतं. विनिताच्या पदानंतर तू ते न विसरता मागे आणलं होतंस. पडदा पडल्यावर मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि गप्प बसलो. चूक माझी होती. भाता मारता मारता डावा हात लुळा पडला, पेटीतला वारा संपला आणि प्रशांतचा सूर सुटला. डॉक्टर म्हणतात, नस आखडली आहे, हात पहिल्यासारखा व्हायचा नाही. लाज वाटली म्हणून तुझ्या माथी मारलं. वर्षभर पेटीला हात लावला नव्हता. तुझ्या कीबोर्डला भाता नाही, म्हणून हे पंधरा दिवस तरी वाजवू शकलो. रविवारच्या तालमीत सगळ्यांसमोर हे सांगणार आहे. तू ये. माझी जागा आता तुझी. मी बाजूला बसेन, तुझं कोपर बटणाला लागत नाही ना, तेवढं बघेन.

तुझाच चुकलेला मास्तर,
सगुण